एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: काकूंचा मेडिकेअर प्रीमियम का वाढला

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. काकूंना, म्हणजे तुमच्या आईला, मनस्ताप झाला आणि तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या टॅक्स ऑफिसच्या गडबडीत तो उचलला गेला नाही, याबद्दल क्षमस्व. तुम्ही लिहिलं आहे की बाबा गेल्यावर आईचा मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, प्रीमियम दुप्पट झाला, सोशल सिक्युरिटीचं (सरकारी पेन्शन खात्याचं) पत्र मी ‘तीन महिने दाबून ठेवलं’, फॉर्म वेळेत गेला असता तर पैसे वाचले असते, आणि न भरलेल्या फुकटच्या फॉर्मचे दीडशे डॉलर घेतले.

पैशांचं आधी. ते दीडशे डॉलर टॅक्स रिटर्नचे आहेत, बिलावर तसंच लिहिलंय. मोठ्या घटनेमुळे उत्पन्न घटलं, प्रीमियम कमी करा, असं सोशल सिक्युरिटीला कळवायचा एसएसए-44 हा फॉर्म फुकट असतो, ज्याचा त्याला भरता येतो. त्याचे पैसे या ऑफिसने आजवर कोणाकडून घेतलेले नाहीत.

आता ‘वेळेत गेला असता तर’. हे वाक्य मला फार लागलं, कारण इथली, न्यू जर्सीतल्या एडिसनमधली, निम्मी मराठी मंडळी ते वाचून पुढच्या फेब्रुवारीत दुसऱ्याचं दार वाजवतील. तेव्हा जरा सविस्तर लिहितो. काकूंचे खरे आकडे चारचौघांत मांडणार नाही, उदाहरणाचे घेतो.

मेडिकेअर पार्ट बी चा (डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा) प्रीमियम उत्पन्न जास्त असेल तर वाढतो. त्या वाढीव रकमेला सगळे इर्मा म्हणतात. ती दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नवरून ठरते, म्हणजे 2026 च्या प्रीमियमसाठी 2024 चा रिटर्न. जोडप्याने एकत्र रिटर्न भरला असेल तर 2,18,000 डॉलरपर्यंत वाढ नाही. एकट्याला ही मर्यादा 1,09,000, बरोबर निम्मी. समजा, दोघांचं मिळून 1,90,000 होतं. इर्मा शून्य. नवरा ऑक्टोबर 2023 मध्ये गेला. त्या वर्षाचा रिटर्न एकत्रच भरता येतो. पण 2024 पासून, घरात कोणी अवलंबून मूल नसेल तर, बाई ‘सिंगल’. आणि उत्पन्न मात्र निम्मं होत नाही! दोघांच्या सोशल सिक्युरिटीपैकी लहान चेक बंद होतो, मोठा चालू राहतो. आयआरए, म्हणजे निवृत्तीचं बचत खातं, बायकोच्या नावावर येतं आणि त्यातून दरवर्षी काढावी लागणारी सक्तीची रक्कमही चालूच. समजा, 1,50,000 उरले. एकट्या माणसासाठी ही थेट दुसरी पायरी. 202 डॉलर 90 सेंटऐवजी महिना 405 डॉलर 80 सेंट. पार्ट डी वर, म्हणजे औषधांच्या विम्यावर, आणखी साडेसदतीस. ‘उत्पन्न घटलं तर प्रीमियम वाढतो कसा’ असं तुम्ही विचारलंय, तो वाढतो तो असा. हा नियम मी केलेला नाही. पार्ट बी ला तो 2007 पासून लागू आहे.

मग फॉर्मचं काय? जोडीदाराचा मृत्यू त्या फॉर्मच्या यादीत आहे, हे तुमचं बरोबर. नवरा-बायको आधीपासूनच इर्मा भरत असतील, एक जण गेल्यावर उत्पन्न खूप उतरलं आणि सरकारकडे अजून जुना, जोडीचाच रिटर्न असेल, तर त्या फॉर्मने खरोखर पैसे वाचतात. असे कितीतरी फॉर्म इथून गेलेत. पण फॉर्म विचारतो, या घटनेमुळे तुमचं उत्पन्न कोणत्या वर्षी कमी झालं? तुमच्या बाबतीत उत्तर 2024. त्यांनी धरलाय तो रिटर्नही 2024 चाच. म्हणजे जे सांगायचं ते त्यांना आधीच माहीत आहे. हा फॉर्म डिसेंबरच्या पहिल्या दिवशी पाठवला असता तरी प्रीमियम एका सेंटने उतरला नसता.

राहिलं दाबून ठेवण्याचं. डिसेंबरमध्ये माझ्याकडे आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर एका पानाचा फोटो. कोणत्या वर्षाचा रिटर्न धरलाय तेही त्यात दिसत नव्हतं. बाकीची पानं मी मागितली, ती मार्चमध्ये टॅक्सच्या कागदांबरोबर आली. तीन महिने झाले ते असे. साठ दिवसांची मुदत तुम्ही लिहिली आहे ती अपिलाची. हा फॉर्म त्यानंतरही देता येतो.

पुण्याच्या फ्लॅटचा उल्लेख तुम्हीच केलाय, म्हणून बोलतो. तो 2024 मध्ये विकला आणि त्याचा नफा इथल्या उत्पन्नात धरावाच लागतो, मालमत्ता भारतात असली तरी. स्वखुशीने केलेली विक्री फॉर्मच्या यादीत बसत नाही. व्यवहार झाल्यावर आम्हाला कळलं. बाबांच्या अर्ध्या वाट्याची किंमत त्यांच्या निधनाच्या दिवशीची धरून आम्ही नफा बराच खाली आणला, त्याबद्दल तेव्हा कोणी स्टार दिले नव्हते. आता म्हणता येईल की 2023 संपायच्या आत विकला असता तर जोडीची मर्यादा मिळाली असती. हिशेबाने बरोबर आहे. पण ताई, बाबांचा तेरावा होतो न होतो तोच मी काकूंना फोन करून फ्लॅट विका म्हणायला हवं होतं का?

2025 च्या एप्रिलमध्ये सही घेताना मी काकूंना म्हटलं होतं, पुढच्या वर्षीच्या मेडिकेअर प्रीमियमचं पत्र येईल, घाबरू नका. त्या हो म्हणाल्या. त्या मनःस्थितीत लक्षात राहिलं नसेल, त्यांना बोल लावत नाही. यापुढे अशा गोष्टी लेखी देण्याचा आणि सीझनमध्ये फोनचं काहीतरी बघण्याचा विचार आहे.

तुमचे बाबा दरवर्षी लेबल लावलेली फाइल घेऊन यायचे आणि चहा घेतल्याशिवाय जायचे नाहीत. अशा घरातून ‘लुबाडतात’ हा शब्द यावा, याचं वाईट वाटलं.

काकूंसाठी एवढंच: 2027 चा प्रीमियम 2025 च्या रिटर्नवरून ठरेल आणि त्यात फ्लॅट नाही. तो आपोआप नव्याने ठरतो, अर्ज लागत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर न्यू जर्सीत शिप नावाची सरकारी सल्लासेवा आहे, तीही फुकट, तिथे पत्र दाखवा. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. ‘दाबून ठेवलं’ एवढं बदलता आलं तर बघा.