देवावर चप्पल उगारणारी जिजाई आणि आमच्या गावच्या बाया

कार्तिकी एकादशीला आमच्या गावात पोट्ट्यांनी विठ्ठलाच्या देवळासमोर पांढरी चादर ताणून बांधली, शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला आणि प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ चा 'संत तुकाराम' लावला, तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणते पण कापसाच्या वेचणीच्या दिवसात हातात फोन घेऊन बसायला वेळ कुठे मिळतो. आज बसले.

मी सिनेमावर लिहिते हे तुम्हाला माहितीये, आधी जिल्ह्याच्या पेपरात, आता बरीच वर्षं इथंच. हा सिनेमा मी किती वेळा पाहिला त्याचा हिशोब नाही. पण दीडशे बायांच्या मधात चटईवर बसून पहिल्यांदाच पाहिला. त्यात तो सीन आहे ना, तुकारामाची बायको जिजाई, तिचं पोरगं आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात, तेव्हा ती पोराचा हात धरून त्याला ओढत थेट देवळात घेऊन जाते, दुसऱ्या हातात चप्पल, आणि पांडुरंगालाच दम देते. मी पडद्याकडं पाहतच नव्हते, मी बायांची तोंडं पाहत होते. मले भीती होती की कोणीतरी उठेल, काही बोलेल, कारण दिवस तसे आहेत. कोणी उठलं नाही. माझ्या मागं बसलेली सत्तरीची काकू, जी वर्षानुवर्षं काकड्याला पहाटे चारला उठते, ती शेजारणीला म्हणाली, "बरोबर आहे तिचं. पोरगं तापानं फणफणून राहिलं, मंग ते देवावर नाही तर कोणावर चिडन वं?" आणि दुसरी म्हणाली, "माह्या जावेवानीच हाय बाप्पा." अन् पदरानं डोळे पुसले.

याच्या दोन-तीन आठवडे आधीच पुण्यात एका मराठी सिनेमाचे शो बंद पाडले होते. नाव होतं 'मनाचे श्लोक', समर्थ रामदासांच्या रचनेचंच नाव. आजच्या काळातली गोष्ट, समर्थांची टिंगल करायचा कोणाचा विचारही नाही, आक्षेप फक्त नावाला. हायकोर्टानं स्थगिती द्यायला नकार दिला होता, तरी शो पडले, शेवटी सिनेमा काढून घ्यावा लागला आणि १६ ऑक्टोबर २०२५ ला 'तू बोल ना' या नावानं पुन्हा लावावा लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'फुले' ११ तारखेवरून २५ वर ढकलला, सेन्सॉरनं जातीचे उल्लेख काढायला-बदलायला लावले. महात्मा फुल्यांवरचा सिनेमा आणि त्यातून जातच काढा म्हणे, मग त्या माणसानं आयुष्यभर केलं काय ते दाखवायचं कसं?

मले खरंच वाईट वाटलं. १९३६ साली मुंबईत 'संत तुकाराम' ५७ आठवडे चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला, आणि त्यात एक बाई देवावर चप्पल उगारते. आपल्या पणजी-खापरपणजीच्या श्रद्धेत तेवढी जागा होती. देव घरचाच होता म्हणून त्याच्याशी भांडण चालायचं. माझी आजी पाऊस लांबला की देव्हाऱ्यातल्या गणपतीशी तीन-तीन दिवस बोलत नसे, पूजा करायची पण गुमसुम. तिच्या श्रद्धेला कोणी कमी म्हणून दाखवावं.

आता कोणी म्हणेल ताई तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला भक्तीचे सिनेमे आवडत नसतील. तसं नाहीये, ऐका. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, निंदण जरा हलकं झालं तेव्हा गल्लीतल्या आम्ही अकरा बाया आणि नऊ पोरं एक क्रूझर करून अमरावतीला 'महावतार नरसिंह' पाहायला गेलो. पूर्ण अॅनिमेशनचा सिनेमा, एकही हिरो नाही, आणि तोंडी प्रचारावर जगभरात ३०० कोटींच्या वर गेला. तिकीट, गाडीभाडं आणि पोरांचे पॉपकॉर्न मिळून एकेका बाईच्या दोन दिवसांच्या मजुरीला भोक पडलं, तरी एकीनंही कुरकुर केली नाही. खांब फुटून नरसिंह बाहेर आला तेव्हा आमच्या रांगेतल्या पाच-सहा जणींनी पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. मी पण जोडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी समोरचं सहा वर्षांचं पोरगं देवळाच्या सभामंडपातल्या खांबाला कान लावून उभं होतं, विचारलं काय करून राहिला रे, तर म्हणे "आत हाय का पाहतो". 'जय संतोषी माँ' १९७५ साली आला तेव्हा बाया पडद्यावर पैसे टाकायच्या, थिएटरबाहेर चपला काढायच्या, आणि शहरातले लोक त्याला अडाणीपणा म्हणायचे. मी त्या रांगेत बसलेय आणि मले तो अडाणीपणा कधीच वाटला नाही. शेतात दिवसभर वाकलेली बाई दोन तास मान वर करून देव पाहते, तर तिच्या त्या जोडलेल्या हातांवर मी काय समीक्षा लिहू.

माझी तक्रार त्या हातांकडं बघून हिशोब मांडणाऱ्यांशी आहे. 'महावतार नरसिंह'च्याच कंपन्यांनी पुढचं वेळापत्रक आधीच जाहीर केलंय, २०२७ ला परशुराम, २०२९ ला रघुनंदन, असं करत २०३७ पर्यंत, दर दोन वर्षांनी एक अवतार. तिकडं 'रामायण' २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीला दोन भागांत. हनुमानावर एक अख्खा सिनेमा एआयनं बनवायची घोषणा झालीय. बनवा, जरूर बनवा, आम्ही क्रूझर करून येऊच. पण या सगळ्या घोषणांमध्ये मले एकच गोष्ट शोधून सापडत नाही, ती म्हणजे भक्त. माणूस. देव किती मोठा दिसेल, आवाज किती घुमेल, व्हीएफएक्सवर किती कोटी, हे सगळं आहे. त्या देवासमोर उभ्या असलेल्या बाईचं पोरगं आजारी आहे का, तिच्या घरात दाणा आहे का, हे विचारणारा कोणी नाही.

'संत तुकाराम'मध्ये चमत्कार आहेतच की, शेवटी विमानही येतं. पण आमच्या बायांना लक्षात राहिली ती जिजाई. दिग्दर्शक दामले आणि शेख फत्तेलाल, दोघंही प्रभातच्या कारखान्यात हातानं काम करणारे, आणि जिजाई झालेली गौरी ही तर प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला लागलेली बाई होती. तिचं ते शेणानं सारवणं, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, ते कोणी शिकवलेलं वाटत नाही. मले वाटते म्हणूनच आमच्या काकूला ती शेजारची वाटली. आणि पागनीसांचा तुकाराम तिचं ऐकून घेतो, चिडत नाही, हे बी पाहा.

आमच्याकडचं अजून एक सांगते. १९७७ साली राजदत्तांनी गाडगेबाबांवर 'देवकीनंदन गोपाला' केला. गाडगेबाबा आमचे, शेंडगावचे, अंजनगाव सुर्जी तालुक्यातले, इथं घराघरात त्यांचा फोटो आहे. आणि त्यांची भूमिका केली कोणी, तर डॉ. श्रीराम लागूंनी, देवाला आता रिटायर करा असं जाहीर म्हणणाऱ्या माणसानं! विचार करा, आज अशी घोषणा झाली तर काय काय होईल. पण माझे वडील सांगायचे की जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये हा सिनेमा लागला तेव्हा ज्यांनी बाबांना प्रत्यक्ष कीर्तन करताना पाहिलं होतं ते म्हातारे लोक तंबूत बसून रडले. नट देव मानतो की नाही हे त्यांनी विचारलं नाही, अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेतलेला माणूस खरा वाटतो की नाही एवढंच पाहिलं. बाबांनी स्वतः तरी काय केलं, पंढरपूरला धर्मशाळा बांधली, गावात आले की आधी रस्ता झाडला, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारले. मले तर लागूंचं नास्तिक असणं आणि बाबांचं ते प्रश्न विचारणं यात फार अंतर वाटत नाही, हे माझं मत, पटलं नाही तर खाली लिहा, वाद घालू.

कार्तिकीच्या रात्री सिनेमा संपल्यावर चादर सोडताना त्याच काकूनं पोट्ट्यांना विचारलं, "आता गाडगेबाबाचा कवा दाखोता?" तर ठरलंय. २० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी, वलगावजवळ १९५६ साली याच तारखेला ते गेले. संध्याकाळी सात वाजता, देवळासमोरच. पोट्ट्यांचा प्रोजेक्टर पक्का आहे, स्पीकर यावेळी चांगला बघताहेत कारण मागच्या वेळी मागच्या बायांना ऐकू आलं नाही. शेजारच्या गावच्यांनी पण या, जागा आहे. फक्त पाच वाजता या, आधी सगळ्यांनी मिळून देवळापासून शाळेपर्यंतचा रस्ता झाडायचा आहे, आणि खराटे आपापले आणा, आमच्याकडं सातच आहेत.