तिला आठवत नाही, म्हणून आपण फसलो?

साक्षीदारच भरवशाची नाही असे रहस्यपट म्हणजे प्रेक्षकाची शुद्ध फसवणूक, हे मत हल्ली जो तो पुढे रेटतोय. दिग्दर्शक दोन तास खोटं दाखवतो आणि शेवटी ‘तिला सगळं आठवलं’ म्हणून हात झटकतो, असा एकूण सूर. उदाहरण ठरलेलं: २०१६चा ‘द गर्ल ऑन द ट्रेन’, ज्यात दारुडी नायिका रेचल हीच साक्षीदार. (पाहिला नसेल तर इथेच थांबा, रहस्य फुटणार आहे.)

पहिला आक्षेप असा की पडद्यावर दिसलेलं खोटं निघता कामा नये. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये (१९५०) सुरुवातीलाच एक संशयित आपली कहाणी सांगतो, ती आपल्याला दिसते आणि पुढे धादांत खोटी निघते. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना हिचकॉकने ती चूक मान्यही केली. मला विचाराल तर तो उगाच ओशाळला. सांगणारा संशयित आहे हे समोर दिसत असताना आपण डोळे झाकून विश्वास ठेवला, तर दोष कुणाचा? त्याच वर्षी ‘राशोमोन’मध्ये कुरोसावाने एकाच मृत्यूच्या चार न जुळणाऱ्या हकिकती दाखवल्या. त्याला कुणी लबाड म्हणत नाही.

दुसरा आक्षेप: दारुडी साक्षीदार ही पळवाट आहे, शुद्धीतला माणूस पाहिलं तेच सांगतो. हे साफ चूक. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. वेग विचारताना ५० जणांना ‘गाड्या जोरात आदळल्या तेव्हा’ असं विचारलं, दुसऱ्या ५० जणांना ‘धडकल्या तेव्हा’. उरलेल्यांना वेग विचारलाच नाही. आठवड्याने प्रश्न आला, फुटलेली काच दिसली होती का? ‘आदळल्या’वाल्यांपैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’वाल्यांपैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

आता ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधला प्रसंग घ्या. नवऱ्याच्या साहेबांकडच्या पार्टीत आपण पिऊन ताट फोडलं, तमाशा केला, म्हणून त्याची नोकरी गेली, असं रेचल धरून चाललेली असते. पुढे साहेबांची बायको ट्रेनमध्ये भेटते. रेचल माफी मागायला जाते, तर ती म्हणते, माफी कसली? तू तर आत जाऊन झोपली होतीस. ताट फोडल्याची गोष्ट नवऱ्याने रचलेली असते. एका क्रियापदाने परक्यांच्या डोक्यात काच फुटते, मग नवऱ्याच्या सांगण्याने ताट का फुटू नये?

तिसरा आक्षेप, शेवटी सोयीने आठवतं. इथे मात्र मी विरोधकांच्या बाजूने आहे. दारूने पूर्ण ब्लॅकआउट झाला की मेंदूत नवी आठवण साठतच नाही. जे साठलं नाही ते परत काय येणार? अर्धवट ब्लॅकआउटमध्ये तुकडे परततात, तेही तुटक. खुनाच्या रात्री बोगद्यात घडलेलं रेचलला शेवटी असं सलग आठवणं ही पटकथेची आळशी जागा आहे. पण नवऱ्याचं बिंग फुटायला लागतं ते त्या आठवणीने नव्हे; त्याआधीच, ट्रेनमधल्या त्या बाईच्या दोन वाक्यांनी.