नारळ द्या, पण हिशोब दाखवून

नवी मुंबईतल्या फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ऐरोलीतून निघून नेरूळ, खारघर करत तो रविवारी टर्फ बुक करणाऱ्या मंडळींपर्यंत पोचला आणि तिथे त्याला अंगठ्यांचा पाऊस पडला. म्हणणं एवढंच: संघ सलग चार सामने हरला की कोचला नारळ द्यायचा, चर्चा नको. पुराव्यादाखल चार गोष्टी दिल्यात. नवा कोच आला की निकाल लगेच सुधारतात. मुंबई सिटी या आपल्या क्लबने पहिली तीन वर्षं दरवर्षी कोच बदलला आणि तिसऱ्या वर्षी संघ पहिला आला. इंग्लंडच्या चेल्सीने हंगामाच्या मध्यात कोच काढून युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकली. आणि शेवटची, पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो.

कोचला कधीच काढू नये असं मला म्हणायचं नाही. पण या चारांपैकी एकाही गोष्टीतून मेसेजचा निष्कर्ष निघत नाही.

पहिल्या मुद्द्यापाशी जरा थांबायला हवं, कारण तो दिसायला खरा आहे. कोच गेल्यावर निकाल सुधारतात, हे बऱ्याचदा होतं. पण कोचला काढतात कधी? संघ अगदी तळाला असताना. दोन बचावपटू जखमी, पेनल्टी हुकलेली, ओळीने तगड्या संघांशी सामने, असं सगळं एकदम आलेलं असतं. त्यानंतर थोडं बरं होणं हे व्हायचंच असतं. चौथ्या दिवशी उतरणारा ताप तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलला म्हणून उतरला असं आपण म्हणतो, तसलाच हा प्रकार. अर्थतज्ज्ञ बास टर वील यांनी डच फुटबॉलच्या १९८६ ते २००४ या काळातल्या आकडेवारीवर नेमकं हेच तपासलं. घसरण झाल्यावर कोच बदललेले क्लब एका बाजूला ठेवले आणि तशीच घसरण होऊनही कोच न बदललेले दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचे क्लब सावरले आणि त्यांच्या सावरण्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. मेसेजवाल्यांनी ही दुसरी बाजू कधी मोजलीच नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नॉर्थईस्ट युनायटेड घ्या. २०२०-२१च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, हंगामाच्या मध्यात कोच जेरार्ड नूस क्लबमधून गेले, सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली आणि लीगचे उरलेले सामने संघाने एकही न हरता काढले. थेट सेमीफायनल. मेसेज लिहिणाऱ्याने हे उदाहरण घेतलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं, त्याच्या बाजूचं याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. पण पुढच्या हंगामात तेच खालिद जमील पहिल्या दिवसापासून कोच होते आणि संघ अकरांत दहावा आला. कोच तोच. मग आदल्या वर्षीची सगळी सुधारणा एकट्या त्याच्या नावावर कशी लिहायची?

आता मुंबई सिटी. २०१४ आणि २०१५ मध्ये संघाचं घर आपल्या नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं, त्यामुळे तेव्हाचे प्रेक्षक याच ग्रुपांवर आहेत आणि त्यांना आठवत असेल. २०१४ला पीटर रीड कोच, आठ संघांत सातवे. २०१५ला निकोला अनेल्का खेळाडूही आणि कोचही, सहावे. गोव्यात सात गोल खाल्ले ते त्याच वर्षी. २०१६ला संघ अंधेरीला गेला, कोच आले अलेक्झांडर गिमारायस, आणि लीगमध्ये पहिला नंबर. मेसेज इथे थांबतो. त्या वर्षी दिएगो फोर्लान संघात आला होता आणि सुनील छेत्रीही होता, हे त्यात नाही. २०१७-१८ला हे दोघे नव्हते, गिमारायस मात्र होते. दहा संघांत सातवे आलो. कोच बदलून पहिला नंबर आला म्हणायचं, तर कोच न बदलता सातवा कसा आला तेही सांगायला लागेल.

याच क्लबचा एक हंगाम मेसेजमध्ये हवा होता. सेर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ला लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या आलेल्याची) आणि ट्रॉफी (त्यानंतरच्या फायनलची) दोन्ही जिंकून दिल्या आणि ते क्लब सोडून गेले. त्यांच्या जागी डेस बकिंगहॅम आले, आणि विजेता संघ पाचव्या क्रमांकावर घसरून सेमीफायनलच्या बाहेर राहिला. मेसेजच्या नियमाने बकिंगहॅम यांची बॅग तेव्हाच भरायला हवी होती. क्लबने ठेवलं. २०२२-२३ला संघ लीगमध्ये पहिले अठरा सामने हरला नाही, वीस सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल करून शील्ड परत आणली. क्लबने तेव्हा काय पाहिलं असेल? माझ्या मते गुणतक्त्याच्या पलीकडचं. पाचवा आलेला तोच संघ एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला होता. काहीतरी बसत चाललंय हे मैदानावर दिसत होतं.

चेल्सीचं पटकन उरकतो. हो, जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्डला काढून टुखेलना आणलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात हावर्ट्झ, व्हेर्नर, चिलवेल, झियेश, मेंडी, थियागो सिल्व्हा असे खेळाडू येऊन बसले होते. संघ निकालांपेक्षा कितीतरी सरस होता आणि काढायचं तसं कारण होतं. २०१२ला असेच हंगामाच्या मध्यात चेल्सीचे कोच झालेले दि मातेओ हे त्यांचं दुसरं उदाहरण. मे मध्ये युरोप जिंकणाऱ्या या माणसाला क्लबने त्याच नोव्हेंबरमध्ये घरी पाठवलं. हे धोरण पटत असेल तर इंग्लंडचाच वॉटफर्ड क्लबही धोरणात धरा: २०१९-२०च्या एका हंगामात तीन कोच काढले, तिसऱ्याला तर दोन सामने शिल्लक असताना, आणि शेवटी खालच्या डिव्हिजनमध्ये गेले.

राहिला ‘एक माणूस बदलता येतो’ हा मुद्दा. ऐकायला सोपा, करायला महाग. जुन्या कोचच्या कराराचे पैसे द्यायचे, त्याच्याबरोबरचे सहायक जाणार, नवा माणूस आपली माणसं आणणार. मागे तीन बचावपटू ठेवून बेतलेला संघ नव्या कोचला चौघांचा करायचा असतो, पण ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-देण्याची मुदत, बंद असते. म्हणजे पंचवीस खेळाडू बदलायचे राहतच नाहीत, फक्त सहा महिने उशिरा बदलायचे असतात. कूपरेजवर खेळणारी मुंबई एफसी आठवते का? खालिद जमील यांच्या हाताखाली ती कित्येक वर्षं आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगमध्ये तग धरून होती, झगमगाट कधीच नव्हता. ते गेल्यावर २०१६-१७च्या हंगामात संघ शेवटून पहिला आला आणि लीगबाहेर गेला. त्याच हंगामात त्याच खालिद जमील यांनी आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. ‘तग धरणं’ हे कोचचं कर्तृत्व आहे हे तो असताना कुणाला दिसलं नव्हतं.

मेसेजला उत्तर म्हणून काही जण गाजलेले कोच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा फोटो टाकतायत: १९८६ला मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, पहिली ट्रॉफी १९९०ला, म्हणून धीर धरा. हेही तितकंच कच्चं. फर्ग्युसन येताना स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनबरोबर रेआल माद्रिदला फायनलमध्ये हरवून आले होते आणि दुसऱ्याच हंगामात युनायटेड दुसऱ्या क्रमांकावर होती. धीर दिला आणि काहीच उगवलं नाही अशा कोचांचे फोटो कोण जपून ठेवतं?

मी स्वतः काढायला हात वर करीन तो वेगळं काही पाहून. सत्तराव्या मिनिटाला खेळाडू चेंडू गेल्यावर मागे धावतात का. कॉर्नरवर तोच गोल तिसऱ्यांदा बसतोय का. तरुण खेळाडू वर्षभरात सुधारलाय की खचलाय. ड्रेसिंग रूम फुटली असेल तर तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही, चार काय, दोन सामन्यांत काढा. पण काढताना त्याच मेसेजमध्ये पुढच्याचं नाव, तो कुठल्या पद्धतीने खेळवतो आणि आहे त्या संघातले कुठले अकरा जण त्या पद्धतीत बसतात, एवढं लिहा.