मावशीची पेटी आणि 21 दिवसांचा मेसेज

उत्तरायण आणि वासी उत्तरायण, दोन्ही दिवस बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशीच्या घरची गच्ची माणसांनी भरलेली. पतंग, उंधियू, पाहुणे. पेटी उघडायला तिला सवडच मिळाली नाही. वयाच्या 67 व्या वर्षी ती पेटी शिकायला लागली होती, आणि सलग 19 संध्याकाळी दिवेलागण झाली की रियाजाला बसली होती. पाहुणे गेल्यावर तिने पेटी कापडात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली.

कारण घरच्या ग्रुपवर आलेला हा मेसेज: 'कोणतीही सवय 21 दिवसांत लागते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. रोज एकाच वेळी करा. एक दिवस जरी चुकला तर मेंदू सगळे पुसून टाकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजा. ज्याला जमत नाही त्याचे मन दुबळे. म्हणूनच गणपतीला 21 दूर्वा वाहतात.' खाली चौघांनी हात जोडले. कुणी सिद्ध केलं, हे एकानेही विचारलं नाही.

"माझं मनच दुबळं गं," मावशी मला फोनवर म्हणाली. म्हणून हे लिहिते आहे.

21 हा आकडा पसरला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला साधारण 21 दिवस तरी लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं 'तरी' पुढे सांगोवांगीत गळलं.

प्रत्यक्ष मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 2009 साली ते प्रसिद्ध झालं. 96 जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक गोष्ट निवडली आणि 12 आठवडे ती रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडून केली. सवय मुरायला लागणारा मधला आकडा निघाला 66 दिवस. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब आला. व्यायामाला खाण्यापिण्यापेक्षा जास्त दिवस लागले. मग पेटीला वेळ लागला तर त्यात मनाचा दुबळेपणा कुठून आला?

आणि 'मेंदू पुसून टाकतो' हे तर धादांत खोटं आहे. माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. याच अभ्यासात असं दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. मावशीचा एक नाही, दोन दिवस चुकले, मान्य. वरचेवर खाडे झाले तर सवय लागत नाही, हेही मान्य. पण दिवा लावला की हात पेटीकडे जायचा, ती ओढ 19 संध्याकाळींनी तयार केली आहे. ती दोन दिवसांच्या पाहुण्यांमुळे पुसली जात नाही. उत्तरायणाच्या आदल्याच आठवड्यात तिने मला फोनवर भूप रागाची सरगम न अडखळता वाजवून दाखवली होती. ती तिच्या बोटांत आहे.

दूर्वांचं म्हणाल तर नवरात्र नऊ दिवसांचं, सोमवार सोळा, चातुर्मास चार महिन्यांचा. यातला सवयीचा आकडा कोणता मानायचा?

रोज एकाच वेळी करा, एवढं मात्र त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. आणि ते मावशी मेसेज यायच्या आधीपासून करत होती.

मावशी, आज संध्याकाळी मी येते. पेटी कपाटावरून मी काढीन, तू तोवर दिवा लाव. भूप जिथे थांबलाय तिथून पुढे.