खुलासा: साठीनंतर बाई पुरुषापेक्षा बळकट होते का?

वाडीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: साठीनंतर बाया पुरुषांपेक्षा बळकट होतात, म्हणून जास्त जगतात, पटत नसेल तर हर्णै बंदरावर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या आज्या बघा.

जास्त जगतात, हे खरं. बळकट होतात, हे चूक. हाताच्या पकडीचा जोर तिशी-चाळिशीनंतर दोघांचाही घटतो. किलोच्या हिशेबात पुरुषाचा जास्त घटतो, पण मुळात त्याच्याकडे तो जास्त असल्याने ऐंशीतही सरासरी त्याचीच पकड घट्ट. स्नायूंची झीज ओळखायला आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये रेषाच वेगळ्या आखल्या: पुरुषाला २८ किलो, बाईला १८. त्याखाली पकड गेली तर ती कमजोर.

आणि बंदरावर आपल्याला दिसतात त्या पाटी उचलू शकणाऱ्याच. गुडघे गेलेल्या आज्या पडवीत बसून असतात, त्या कोण मोजतं? बायका जास्त वर्षं जगतात, पण उठताबसताना अडचणीची वर्षंही त्यांच्याच वाट्याला जास्त. पाळी गेल्यावर हाडंही झपाट्याने विरळ होतात.

मला हा मेसेज लागला तो यासाठी, की 'बायका चिवटच' म्हणत पाखाडी चढताना आईला लागणारा दम घरात कुणी मनावर घेत नाही. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला तिला बारा सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. नव्वदीतही व्यायामाने पायांत जोर येतो, बाबांच्याही.