उतार नकाशात होता, वारा नव्हता

"त्या रस्त्यावर गाड्याच नाहीत, मग प्लॅनिंग कसलं करायचं?" फक्त सायकलींसाठी असलेल्या मार्गांबद्दल आमच्या सायकलच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात कुणीतरी हे टाकतंच. दरवेळी मी अंगठ्याचं चित्र टाकून गप्प बसते. यंदा लिहितेय, कारण हेच वाक्य एकदा मी स्वतः म्हटलं होतं आणि त्याची परतफेड माझ्या मांड्यांनी केली आहे.

उत्तर इटलीत आडिजे नदीच्या खोऱ्यातून सायकलींसाठी वेगळा मार्ग आहे. बोल्झानो ते ट्रेंटो हा टप्पा साधारण 65 किलोमीटरचा. बराचसा रस्ता नदीच्या बांधावरून जातो, डांबरी आणि सपाट. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, त्यांच्या मागे सरळसोट डोंगर. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊबाई. बेत माझा. नदी जिकडे वाहते तिकडेच जायचं, म्हणजे उतारच उतार, घाई कशाला? म्हणून सकाळ बोल्झानोत भटकण्यात घालवली आणि ऐन बाराला निघालो.

पहिला तास मजेत गेला. मग समोरून वारा सुरू झाला. झुळूक वगैरे नाही, एखाद्याने छातीवर तळहात ठेवून मागे रेटावं तसा. पेडल मारायचं थांबवलं की दहा-पंधरा मीटरांत सायकल उभी. बांधावर आडोसा म्हणून एक झाड नाही. माझ्या टोपीचा पट्टा गालावर इतका वेळ फडफडत होता की रात्री तिथे लाल वळ दिसला. भावजी शेजारी येऊन ओरडले, "वहिनी, आपण उताराला लागलोय ना? मग मी दुसऱ्या गियरवर का आहे?"

उत्तर आकड्यांत होतं, मी ते आदल्या रात्री काढायला हवं होतं. बोल्झानोची उंची साधारण 260 मीटर, ट्रेंटोची 190 च्या आसपास. 65 किलोमीटरमध्ये उतार 70 मीटर, म्हणजे किलोमीटरला जेमतेम एक मीटर. दहा मीटरला एक सेंटिमीटर! एवढ्या उतारावर गोटी ठेवली तरी ती विचार करेल. असल्या रस्त्यावर राज्य वाऱ्याचं. सालोर्नोपाशी दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात, वाऱ्याला चिंचोळी वाट मिळते आणि तो आणखी चेकाळतो. तिथून पुढे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. शेवटी पुढचं स्टेशन गाठून सायकली गाडीत चढवल्या. रेल्वे त्याच खोऱ्यातून जाते हे आमचं नशीब, नियोजन नव्हे.

त्या वाऱ्याला नाव आहे, ओरा. गार्डा सरोवराकडून दुपारी येतो, शिडाच्या होड्यावाले त्याच्यासाठी मुद्दाम तिथे जातात. गंमत म्हणजे वाटेत ओरा नावाचं गावही लागतं. त्याच्या पाटीखाली उभं राहून आम्ही फोटो काढला होता, हसत.

यात चमत्कार काही नाही. डोंगरांमधल्या बहुतेक खोऱ्यांचं उन्हाळी वेळापत्रक हेच असतं. ऊन चढलं की खोऱ्यातली हवा बाहेरच्या सपाटीवरच्या हवेपेक्षा लवकर तापते, उतारांना धरून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा आत खेचली जाते. म्हणजे दिवसा वारा खोऱ्याच्या तोंडाकडून वर, डोंगराकडे. दुपारी त्याचा जोर सगळ्यात जास्त. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून खाली घरंगळते आणि पहाटेपर्यंत उलटा, मंद वारा असतो. आकाश जितकं निरभ्र तितका हा खेळ ठळक. ढगाळ दिवशी तो मंदावतो, म्हणजे आपण ज्याला 'वाईट हवा' म्हणतो ती कधीकधी सायकलवाल्याला पावते. तेव्हा खाली जायचं तर सकाळी लवकर आणि वर जायचं तर दुपारी. नदीकडे बघून दिशा ठरवणारे माझ्यासारखे लोक नेमकं उलटं करतात.

डॅन्यूब नदीचंही तसंच. जर्मनीतलं पासाउ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना हा सव्वातीनशे किलोमीटरचा मार्ग सगळे प्रवाहाबरोबर करतात, 'उतार आहे' म्हणून. तिथे उतार किलोमीटरला अर्धा मीटरही भरत नाही. तिथे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पाठीवर, आणि श्रेय नदीला मिळतं.

दुसरा गैरसमज जुन्या रेल्वेमार्गांचा: सपाट म्हणजे सोपं. रूळ उखडून केलेले हे सायकलमार्ग माझे सगळ्यात लाडके. इंजिनाची लोखंडी चाकं रुळावर घसरतात, त्यामुळे साध्या रेल्वेला मोठा चढ झेपत नाही. जर्मनीतल्या आखेनहून बेल्जियममधून लक्झेंबर्गला जाणारा फेनबान मार्ग 125 किलोमीटरचा आहे आणि त्यात दोन टक्क्यांच्या, म्हणजे शंभर मीटरला दोन मीटरच्या, वर चढ नाही. ऐकायला स्वर्ग. पण सपाट रस्त्यावर तुम्ही सीटवरून उठतच नाही हे कोणी सांगत नाही. चढावर माणूस उभा राहतो, उतारावर पेडल थांबवतो, बूड आणि तळहात जरा मोकळे होतात. इथे ना उठणं ना थांबणं, तीन-तीन तास एकाच बैठकीत. घाटात साठ किलोमीटर करणारी माझी जाऊ अशा रस्त्यावर चाळीसला रडकुंडीला आली. म्हणून दर अर्ध्या तासाने उतरायचंच, दमलो नसलो तरी. मी हल्ली गजर लावते. नवरा हसतो. हसू दे.

आणि तो दोन टक्क्यांचा चढ सलग असला की हलका वाटत नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड हा 240 किलोमीटरचा असाच मार्ग आहे, ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज. मधली खिंड दोन्हीकडून सारखीच चढायची, पाचशे-साडेपाचशे मीटर. पण पिट्सबर्गकडून तो चढ दोनशे किलोमीटरांत पसरलाय आणि कंबरलँडकडून पहिल्या चाळीसच्या आतच. एकच रस्ता, दोन टोकांकडून दोन वेगळ्या सहली. बेत ठरवताना किलोमीटरचा आकडा बघतात सगळे, चढउताराचा आलेख किती जण उघडतात?

मला मात्र सगळ्यात मोठा धडा मार्गावरून बाहेर पडायच्या वाटांनी दिला. इंग्लंडमधला मॉन्सल ट्रेल वाय नदीच्या खोऱ्यात आहे. 1968 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेवरचा, एका दिशेला जेमतेम 14 किलोमीटर. लहान मुलंही सहज करतात. 2011 मध्ये त्यातले बोगदे खुले झाले, चार मोठे, प्रत्येकी चारशे मीटरच्या आसपास. भर उन्हातून पहिल्या बोगद्यात शिरलो आणि चष्म्यावर पटकन वाफ धरली. छतातून एक थेंब मानेवर. समोरून कोणाची तरी घंटी, जवळ की लांब काही कळेना. आतले दिवे दिवसापुरते असतात, म्हणून परतायला उशीर होणार असेल तर सायकलला दिवा हवाच.

पण खरी मेख अशी की रूळ चालला सपाट आणि वस्ती वर टेकडीवर. वर टेकडीवरच्या मॉन्सल हेडला जायचं तर मार्ग सोडून खडी पायवाट चढायची, सायकल ढकलत. रस्त्यात वाचवलेला चढ बाहेर पडताना एकरकमी भरायचा! दरीवरचा पूल, खोदलेली खिंड, बोगदा, यांच्या मध्ये पंक्चर झालं किंवा पाऊस आला तर डावी-उजवीकडे वाटच नसते. म्हणून मी आता नकाशावर आधी बाहेर पडायच्या जागा शोधते, मग स्टेशनं, मग त्या गाड्यांत सायकल चढवू देतात का आणि जागा आधी धरावी लागते का. किलोमीटर सगळ्यात शेवटी.

गाड्या नाहीत म्हणजे रस्ता रिकामा, असंही नाही. लांब पट्ट्याचा कुत्रा एका काठाला आणि मालक दुसऱ्या काठाला, मध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेली दोरी, हे दृश्य मी ट्रकपेक्षा जास्त घाबरून पाहिलंय. रविवारी दुपारी ताशी बारा किलोमीटर धरून चाला, त्यापुढचा हिशोब फसतो.

सप्टेंबरात आडिजेचा तोच टप्पा पुन्हा करायचा आहे. मी म्हणते, ट्रेंटोहून दुपारी निघू, प्रवाहाच्या उलट, ओरा पाठीशी घेऊन. भावजींना 'वर जायचं' हे अजून पचलेलं नाही. त्यांचं म्हणणं, आपण बोल्झानोहूनच खाली येऊ, फक्त पहाटे पाचला निघू. पाचला निघायचं म्हणजे चारला उठायचं, आणि ते कोणी उठायचं नाही यावर सध्या बाकी तिघांचं एकमत आहे.