बॅकटेस्टची चढती रेषा पाहून फॉरेक्स बॉट घेऊ नका

नागपुरात सध्या फॉरेक्स बॉटचं, म्हणजे परकीय चलनांचे सौदे आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमचं, पेव फुटलंय. धरमपेठ, मनीषनगर, वर्धा रोड, कुठे ना कुठे रविवारी मोफत सेमिनार असतो. चहा-नाश्ता होतो आणि मग पडद्यावर डावीकडून उजवीकडे चढत गेलेली एक रेषा येते. ‘दहा वर्षांचं बॅकटेस्टिंग केलेलं आहे’, म्हणजे बॉट दहा वर्षांच्या जुन्या भावांवर चालवून पाहिलाय, हे वाक्य तर हमखास असतं. समोर बसलेल्यांत पेन्शनर असतात, नुकतीच नोकरी लागलेली पोरं असतात, आणि त्या रेषेकडे बघून ते पैसे लावतात. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हे बघून गप्प बसवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बॅकटेस्टवरून बॉट नापास करता येतो, पास करता येत नाही. जुन्या भावांवरच जो बुडाला तो फेकून द्यावा. जो तरला, तो उद्याही तरेल असं त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

मागे माझा एक जुना विद्यार्थी मेटाट्रेडर या सौद्यांच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट घेऊन आला. ‘मॅडम, पाच वर्षांत एकही महिना लाल नाही. ज्यानं दिला त्याचे तर पैसे बनूनच राहिले.’ मी त्याला आलेख बाजूला ठेवून खालची सौद्यांची यादी उघडायला लावली. लॉटच्या, म्हणजे सौद्याच्या आकाराच्या, रकान्यात ०.०१, मग ०.०२, ०.०४, ०.०८ असे आकडे होते. म्हणजे भाव उलटा गेला की बॉट सौदा बंद करत नव्हता, दुपटीने नवा घेत होता. यालाच मार्टिंगेल म्हणतात. बॅलन्सची रेषा फक्त बंद झालेल्या सौद्यांवर चालते, आणि तोट्यातले सौदे बंदच झाले नाहीत तर ती खाली येणार कशी? खरी गोष्ट इक्विटीच्या रेषेत होती, जी उघड्या सौद्यांचा नफा-तोटाही धरते. ती मधूनमधून खोल बुडी मारून वर येत होती. ०.०१ पासून सलग दहा वेळा दुप्पट केलं तर पुढचा सौदा १०.२४ लॉटचा होतो, म्हणजे पहिल्याच्या १,०२४ पट. त्या पाच वर्षांत इतकी लांब उलटी चाल आली नाही, एवढंच तो रिपोर्ट सांगत होता.

बरं, हा प्रकार यादी उघडली की दिसतो तरी. खर्चाची लबाडी त्याहून चोरटी. समजा स्प्रेड (घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक) अर्धा पिप (भावाच्या हालचालीचं लहानसं माप) धरून केलेल्या टेस्टमध्ये बॉटला दर सौद्याला सरासरी २ पिप मिळतात. प्रत्यक्षात स्प्रेड दीड पिप निघाला की उरला १ पिप. घेताना आणि विकताना अर्धा-अर्धा पिप स्लिपेजमध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा वाईट भाव मिळण्यात, गेला की हातात शून्य, आणि कमिशन अजून बाकीच. रात्री चालणाऱ्या स्काल्पिंग, म्हणजे थोड्याशा पिपसाठी झटपट सौदे करणाऱ्या, बॉटचं तर विचारूच नका. न्यूयॉर्कला संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे पहाटेचे अडीच किंवा साडेतीन झालेले असतात. त्या वेळी बाजारात व्यवहार विरळ असतात आणि स्प्रेड ताणला जातो. टेस्टरमध्ये, म्हणजे बॅकटेस्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्प्रेड दिवसभर एकच धरला असेल तर हे कुठेच उमटत नाही.

त्यात फॉरेक्सला एकच एक बाजार नाही. प्रत्येक ब्रोकरचे भाव थोडेफार वेगळे, त्यामुळे टेस्ट ज्या भावांवर झाली ते तुमच्या ब्रोकरचे असतीलच असं नाही. टेस्टरमधले टिक, म्हणजे भावातले एकेक बदल, बऱ्याचदा एक मिनिटाच्या कॅन्डलवरून रचलेले असतात. कॅन्डलमध्ये त्या मिनिटाचा सुरुवातीचा, शेवटचा, वरचा आणि खालचा भाव एवढंच असतं. त्या मिनिटात आधी वरचा भाव आला की खालचा, हे कॅन्डल सांगत नाही. पाच पिपच्या टार्गेटवर चालणाऱ्या बॉटचा नफा-तोटा मात्र नेमका त्यावरच ठरतो.

आता माझ्या विषयातलं. समजा बॉटमध्ये तीन सेटिंग आहेत आणि प्रत्येकाच्या २० किमती तपासल्या. झाल्या ८,००० जोड्या. पद्धतीत काडीचाही दम नसला तरी इतक्या जोड्यांतली एखादी निव्वळ योगायोगाने झकास दिसणारच. सेमिनारमध्ये दाखवतात ती हीच. उरलेल्या ७,९९९ कुणी दाखवत नाही. शिवाय ज्या वर्षांवर सेटिंग बसवली त्याच वर्षांवर निकाल दाखवायचा, हे फुटलेल्या पेपरवर पहिला नंबर काढण्यासारखं आहे. काही वर्षं बाजूला ठेवून त्यांवर टेस्ट करतात, हे बरंच. पण तिथे नापास झाल्यावर सेटिंग बदलून पुन्हा त्याच वर्षांवर टेस्ट केली, की तीही वर्षं वापरून झाली.

आणि एवढं सगळं प्रामाणिकपणे केलं तरी इतिहासात न घडलेली गोष्ट टेस्टमध्ये येत नाही. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. पुढची तीन वर्षं तो आधार टिकला, आणि खाली आला की घ्यायचं ही पद्धत त्या काळात अगदी सुरक्षित दिसली असती. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने तो आधार अचानक काढला. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. स्टॉप लॉस (ठरावीक तोट्यावर सौदा बंद करायच्या ऑर्डर) लावलेल्या भावाला सुटलेच नाहीत, अनेकांची खाती उणे झाली. अल्पारी या फॉरेक्स ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली. एफएक्ससीएम या अमेरिकी ब्रोकरने ग्राहकांच्या खात्यांत सुमारे २२.५ कोटी डॉलरची उणे शिल्लक झाल्याचं सांगितलं.

आपला रुपया बघा. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या हस्तक्षेपामुळे डॉलर साधारण ८१ ते ८३.५ रुपयांत फिरत राहिला. त्या वर्षावर बेतलेला ग्रिड बॉट, म्हणजे ठरावीक अंतरांवर खरेदी-विक्रीच्या ऑर्डर लावून ठेवणारा, सोन्यासारखा दिसेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८७ च्या वर गेला. बॉटमध्ये काही बिघडलं नव्हतं, भाव धरून ठेवणारा हात सैल झाला होता.

कायद्याचंही सांगून ठेवते. भारतात राहणाऱ्याला ऑनलाइन फॉरेक्स व्यवहार रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा मान्यताप्राप्त एक्सचेंजवरच करता येतो. नाहीतर फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, कारवाई होऊ शकते. अनधिकृत प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करते. त्याच महिन्यात सेबीनेही शेअर ब्रोकरांना बजावलं की अल्गोच्या (आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मागच्या किंवा अपेक्षित परताव्याचा उल्लेख करायचा नाही. सेमिनारमध्ये पडद्यावर दाखवतात तो मागचा परतावाच असतो.

येत्या रविवारी कुणी जाणार असाल तर तीन गोष्टी मागा. सगळ्या सौद्यांची यादी, इक्विटीची रेषा, आणि स्प्रेड तिप्पट धरून केलेली तीच टेस्ट. शिवाय ही सेटिंग निवडण्याआधी किती सेटिंग तपासल्या, तेही सगळ्यांसमोर विचारा. रिपोर्ट हातात मिळाला आणि वाचता आला नाही तर मला दाखवा, मी सोबत बसून वाचून देईन. त्याचे पैसे घेणार नाही. फक्त फी भरायच्या आधी या.